बंपरचा कोपरा लोंबतोय? आधी आतलं ब्रॅकेट बघा

तुमच्या बाबांच्या २००७ च्या स्विफ्टचा पुढचा बंपर डावीकडून बोटभर सुटलाय. ग्वाल्हेरच्या मुरार भागातल्या डेंटरने सांगितलं, नवा बंपर टाका, नाहीतर फेंडरला, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याला, बाहेरून स्क्रू मारून घट्ट करून देतो. घरीच काढून बसवता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येईल. नवा बंपर बहुधा लागणारच नाही. आणि फेंडरला स्क्रू मात्र कुणालाही मारू देऊ नका.

बंपरचा कोपरा फेंडरच्या कडेला टेकलेला दिसतो, पण त्याला धरून ठेवतं ते आत लपलेलं प्लास्टिकचं छोटं ब्रॅकेट. ते फेंडरला स्क्रूने बसवलेलं असतं आणि बंपरच्या कडेचे दात त्यात अडकतात. डिव्हायडरला किंवा पार्किंगच्या दगडाला घासलं की बंपर लवतो, परत जागेवर येतो, तुटतं ते ब्रॅकेट. म्हणजे दोष बऱ्याचदा या स्वस्त तुकड्यात असतो आणि बिल मात्र अख्ख्या बंपरचं आणि त्याच्या रंगाचं होतं. डावं आणि उजवं वेगळं मिळतं, मागताना बाजू सांगा.

बाहेरून मारलेल्या स्क्रूने दोन नुकसानं होतात. फेंडरच्या पत्र्याला भोक पडून रंग फुटतो आणि पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो. दुसरं नुकसान हळूहळू दिसतं. उन्हात प्लास्टिक पोलादापेक्षा कित्येक पट जास्त पसरतं. आपल्या ग्वाल्हेरला जूनमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो आणि जानेवारीच्या पहाटे पाच-सहावर येतो. एवढ्या फरकात बंपरला थोडं सरकायला जागा लागते, म्हणून कंपनी काही भोकं लांबट ठेवते. स्क्रूने जखडलं की सरकता येत नाही आणि स्क्रूभोवती चीर जाते. मग खरंच नवा बंपर घ्यावा लागतो.

हे काम थंडीत सकाळी करू नका. जुनं, ऊन खाल्लेलं प्लास्टिक गारठ्यात कडक होतं आणि दात पटकन तुटतात. दुपारी गाडी तास-दोन तास उन्हात उभी करा, मग हात लावा.

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा, एअरबॅग असेल तर नक्कीच. फेंडरच्या आणि हेडलाइटच्या कडांना मास्किंग टेप लावा, रंग त्याच ठिकाणी खरचटतो. जमिनीवर जुनी सतरंजी अंथरा आणि दुसऱ्या बाजूला धरायला कुणीतरी घ्या. बंपर जड नसतो, पण एका टोकाने लटकला की दुसऱ्या टोकाचे दात मोडतात.

बंपर तीन ठिकाणी धरलेला असतो: बोनेट उघडल्यावर वरच्या पट्टीवर, दोन्ही चाकांच्या वरच्या कमानीत आणि खाली. प्लास्टिकच्या क्लिपा ओढून काढू नका. काहींची मधली पिन उचलायची असते, काहींची किंचित आत दाबायची असते. जोर लागतोय असं वाटलं की थांबा, प्रकार वेगळा असणार. कमानीतला स्क्रू शोधायला स्टिअरिंग पूर्ण वळवा, जॅक लावायची गरज पडत नाही. तो स्क्रू चिखलाने आणि गंजाने अडकलेला असतो. ब्रशने साफ करून गंज सोडवणारा स्प्रे मारा, थोडा वेळ द्या, मगच फिरवा. सगळं सुटल्यावर चाकाजवळची कड बाहेरच्या बाजूला ओढा, दात टकटक सुटतील. मग बंपर पुढे घ्या, पण थोडाच. फॉगलाइट असेल तर तिची वायर अजून जोडलेली असते. प्लगचं लॉक दाबून प्लग धरून काढा, वायर ओढू नका.

बंपर बाहेर आला की एसीच्या कंडेन्सरवरची धूळ हलक्या पाण्याने धुऊन टाका. जोराचा फवारा मारला तर त्याच्या पातळ पट्ट्या वाकतात. आतला लोखंडी बीम वाकला असेल तर मात्र डेंटरकडे जा, कारण त्यावर बंपर कधीच सरळ बसणार नाही. बंपरच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा प्रकार कोरलेला असतो, बहुतेकदा पीपी (पॉलीप्रोपिलीन) आणि ईपीडीएम (एक प्रकारचं रबर) यांचं मिश्रण. पीपीला साधा गोंद धरत नाही. चीर असेल तर पीपीच्याच कांडीने वेल्डिंग करणारा शोधा.

बसवताना घाई नको, खरं कौशल्य इथेच लागतं. नवं ब्रॅकेट आधी फेंडरला लावा. फॉगलाइटचा प्लग जोडा. बंपर वरच्या पट्टीवर मधोमध टेकवा, मग दोन्ही बाजूंचे दात तळव्याने थोपटत ब्रॅकेटमध्ये बसवा. स्क्रू सगळे नुसते अडकवा, एकही घट्ट करू नका. आता चार पावलं मागे जाऊन समोरून बघा: बोनेट आणि हेडलाइटजवळची फट दोन्हीकडे सारखी आहे का? असेल तर मधून सुरू करून बाजूंकडे घट्ट करत जा, खालचे शेवटी. फट सारखी नसेल तर बंपर ओढून जुळवू नका, दात नीट बसलेत का ते पुन्हा बघा. मोडक्या क्लिपा परत वापरू नका. दुकानात जाताना एक जुनी क्लिप सोबत न्या, भोकाचं माप थोडं चुकलं तरी नवी सैल बसते.

आणि हो, हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवून घेतली असेल तर ती बंपरवरच राहू द्या. तिची लॉकं एकदा काढली की परत चालत नाहीत.