केवढं पोर पाहिजे, ते आधी ठरव

सोलापूर

चिरंजीव पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा व्हॉट्सॲपवरचा लांबलचक निरोप वाचला. तेवढंच उत्तर एका बोटानं टाइप करायचं तर माझे दोन दिवस जातील, म्हणून कागद घेतला. फोटो काढून नातू पाठवेल.

बारावीला ६१ टक्के पडले, शिक्षिका व्हायचंय, आणि मामा म्हणतात डी.एड.चं, म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेचं, दुकान केव्हाच बंद झालं, सरळ बी.ए., बी.एड. कर. मामांचं अगदीच चूक नाही. एकेकाळी गल्लोगल्ली डी.एड. कॉलेजं निघाली. मग २०१२ ला भरतीवर बंदी आली आणि पोरं पदविका घेऊन मॉलमध्ये, पेट्रोल पंपावर लागली. ते त्यांनी डोळ्यानं बघितलंय. पण ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पहिली ते पाचवीला शिकवायला बी.एड. चालत नाही, त्या वर्गांना शिकवायचं प्रशिक्षण घेतलेलाच माणूस पाहिजे. मामांचा हिशोब तिथं अडतो.

म्हणून कोर्स कुठला, हे नंतर. आधी सांग, तुला केवढं पोर पाहिजे? नाक वाहणारं, 'बाई शू' म्हणणारं, अक्षर उलटं काढणारं? की मिसरूड फुटलेलं, तुझ्या तासाला मागच्या बाकावर हसणारं? या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. पगाराची स्लिप सारखी दिसते म्हणून लोकांना एकच वाटतात.

लहान पोरं पाहिजेत तर डी.एल.एड. लाव. जुनं डी.एड. तेच, दोन वर्षांचं. प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो, सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा नाही. पदवी नोकरी करता करता मुक्त विद्यापीठातून होते, आमच्यातल्या निम्म्या शिक्षिकांनी तशीच केली. मोठी पोरं पाहिजेत तर आधी पदवी, मग सीईटी देऊन दोन वर्षांचं बी.एड., आणि अकरावी-बारावीला शिकवायचं तर एम.ए.सुद्धा. सहावी ते आठवीला पदवीवर दोन्हीपैकी काहीही चालतं. कॉलेज निवडताना एवढंच बघ की सराव पाठाला खरंच शाळेत पाठवतात का. 'यायची गरज नाही, परीक्षेला या' असं जिथं म्हणतात तिथं फी भरू नकोस.

पुढं दोन परीक्षा. लोक त्यांची गल्लत करतात, तू करू नकोस. टीईटी ही पात्रता परीक्षा. पहिली ते पाचवीला पेपर एक, सहावी ते आठवीला पेपर दोन. १५० प्रश्न, अडीच तास, खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, राखीवला ५५. एकदा पास झालीस की प्रमाणपत्र जन्मभर चालतं. त्यातले ३० गुण बालमानसशास्त्राचे, ते पाठ करून मिळत नाहीत. दुसरी टेट, म्हणजे अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी. तिच्यात पास-नापास नसतं, गुणच बोलतात, कारण पवित्र पोर्टलवर, म्हणजे शिक्षक भरतीच्या सरकारी वेबसाइटवर, निवड त्याच गुणांवर होते. २०० प्रश्न, १२० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. तुझं गणित चांगलं आहे, पण तू सावकाश करतेस, तिसरीत असताना पण असंच. घड्याळ लावून सराव कर. आणि ही परीक्षा दरवर्षी होईल या भरवशावर राहू नकोस. २०१७ नंतर ती थेट २०२३ ला झाली, मग २०२५ ला. त्या मधल्या वर्षांत कितीतरी पोरींची लग्नं होऊन गेली.

लागलीस तरी तीन वर्षं शिक्षण सेवक. महिना १६,००० मानधन, माध्यमिकला १८,०००. त्यानंतर प्राथमिकला मूळ वेतन २९,२०० पासून. घरी हे आत्ताच सांगून ठेव, नाहीतर ऑर्डर आली की दुसऱ्याच दिवशी स्लॅबच्या गोष्टी निघतील.

आता पैशांचं. कुणीतरी येणारच. 'संस्थेत जागा आहे, आज विनाअनुदानित, उद्या २० टक्के अनुदान होईल, एवढे भरा.' माझ्या धाकट्या भावानं भरले. बापाची दोन एकर जिरायत विकून. संस्थेचं नाव लिहीत नाही. सात वर्षं बिनपगारी शिकवलं त्यानं. वैयक्तिक मान्यतेची, म्हणजे त्याची नेमणूक सरकारनं मान्य करायची, फाईल दरवेळी कुठल्या तरी टेबलावर असायची. पटसंख्या घटली, तुकडी गेली, संस्थाचालकांनी हात वर केले. तो शिकवायचा चांगला, हे मी बहीण म्हणून सांगत नाही. आज रसवंती चालवतो आणि गिऱ्हाइकांच्या पोरांचे पाढे घेतो. परीक्षेतले गुण विकणारेही भेटतील. २०२० च्या जानेवारीतल्या टीईटीत तसे गुण घेतलेले साडेसात हजारांवर लोक पुढे सापडले.

हे झालं बाहेरचं. आतलं सांगते. माझी पहिली नेमणूक अक्कलकोट तालुक्यात, सीमेवरच्या गावात. पहिलीतलं एक पोर उभं राहून सारखं 'नीरु, नीरु' म्हणायचं. मला वाटलं, नीरा नावाच्या पोरीची तक्रार सांगतंय. अख्ख्या वर्गात नीरा शोधली मी! त्याला तहान लागली होती. कानडीत नीरु म्हणजे पाणी. त्या दिवशी घरी जाऊन डी.एड.ची वही उघडली, त्यात याचं उत्तर नव्हतं. मग त्या पोरांकडूनच रोज दहा शब्द शिकले. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० ला जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा सगळे त्यांच्या पुस्तकांवरच्या क्यूआर कोड आणि बक्षिसाच्या रकमेवर बोलत होते. मला मात्र पोरांसाठी कानडी शिकलेला मास्तर तेवढा दिसला.

तुझ्याकडं हे आयतं आहे. विडी घरकुलातली, विडी कामगारांच्या वसाहतीतली पोरगी तू, घरात तेलुगू, शाळेत मराठी, दुकानावर हिंदी. पहिलीत शेजारचं पोर रडायला लागलं की तूच मला सांगायचीस, 'बाई, नीळ्ळु म्हणतोय, पाणी पाहिजे त्याला.' ही भाषा आपल्याला येते याची कॉलेजात लाज वाटेल, मराठीच्या उच्चारावरून एखादी मैत्रीण हसेलही. हसू दे की.

फॉर्म भरायच्या आधी एक आठवडा घराजवळच्या शाळेत पहिलीच्या वर्गात बसून ये. हेडमास्तरांना माझं नाव सांग. परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत थांब, पोषण आहार वाढायला लाग. चौथ्या दिवशी डोकं दुखेल, सगळ्यांचंच दुखतं. त्यानंतरही शनिवारी जावंसं वाटलं तर डी.एल.एड. नाही वाटलं तर मामांचं ऐक, त्यात कमीपणा काही नाही.

एक काम मात्र दोन्ही वाटांना लागणार, ते याच आठवड्यात. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता. वैधतेला महिने जातात. आणि त्यात एक अडचण येणार, ती माझ्यामुळं. तुमच्या आडनावातलं एक अक्षर शाळेच्या जनरल रजिस्टरला मी चुकीचं लिहिलं. तुझी आई विडीच्या कारखान्यातून धावत आली होती, बोलली तेलुगूत, मी मराठी कानानं ऐकलं आणि लिहून मोकळी झाले. तेच पुढं दहावीच्या मार्कलिस्टवर गेलं, वडिलांच्या कागदावर वेगळं आहे. दहावीनंतर ते सहज दुरुस्त होत नाही, राजपत्रात द्यावं लागेल असं दिसतंय. सोमवारी सकाळी अकराच्या आत जिल्हा परिषदेच्या पूनम गेटपाशी ये, वडिलांचा शाळेचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊन. आधी शिक्षण विभागात विचारू. मी येते बरोबर, चूक माझीच आहे.

तुझी,
बाई