पाठ कुठे अडतो, ते आधी पाहा

नाशिक

प्रिय भावी शिक्षिकेस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. आंतरवासितेसाठी शाळेत रुजू होण्याआधी कोणती ॲप शिकून घ्यावीत असे तू विचारले आहेस आणि सोबत एक लांबलचक यादीही जोडली आहेस. यादी चांगली आहे, पण सुरुवात तिच्यापासून करू नकोस. जो घटक शिकवायचा आहे तो पाठ्यपुस्तकातून काढ आणि मुले त्यात नेमकी कुठे अडखळतील हे आधी शोध. ती जागा सापडली, की तिथे खडू पुरेल, मातीचा गोळा लागेल की संगणक लावावा लागेल, हे ठरवणे फारसे कठीण राहत नाही.

सातवीच्या भूगोलातला समोच्चरेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा घटक घे. पुस्तकात एकात एक वेढे घातलेल्या रेषा असतात आणि त्यांवर उंचीचे आकडे असतात. आपल्याला त्यात डोंगर दिसतो, कारण आपण तो पाहायला शिकलेलो आहोत. मुलांना मात्र नुसत्या वेड्यावाकड्या रेषा दिसतात. काहींना त्या डोंगरावर चढणाऱ्या पायवाटा वाटतात, तर काहींना सर्वांत बाहेरचा मोठा वेढा म्हणजेच सर्वांत उंच जागा वाटते. सपाट कागदावरून उंची मनात उभी करणे, ही इथली खरी अडचण आहे. ती ओळखली, की गूगल अर्थ उघडून त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी शोधण्याला आणि दृश्य तिरपे करून तो चारही बाजूंनी फिरवून दाखवण्याला अर्थ येतो. गोदावरीचा उगम असलेला हा डोंगर नाशिकच्या पुष्कळ मुलांनी प्रत्यक्ष पाहिलेला असतो; श्रावणातल्या फेरीला कुणी आजीबरोबर गेलेले असते. त्याचे उभे कडे आणि पायथ्याचा पसरट भाग पडद्यावर एकत्र दिसले, की कड्याशी रेषा दाटीने का येतात आणि सपाटीकडे त्या एकमेकींपासून लांब का जातात, हे बोलण्यासाठी काहीतरी समोर असते.

तरीही नुसते एवढे करून थांबशील, तर मुले आनंदाने पाहतील आणि पुस्तक उघडल्यावर पुन्हा रेषांपाशीच अडतील. म्हणून त्याआधी एका परातीत चिकणमातीचा डोंगर करून घे, एक बाजू उभी आणि एक उतरती ठेव. परातीत एक सेंटिमीटर पाणी ओत आणि पाणी मातीला जिथे टेकते तिथून काडीने रेघ ओढायला एका मुलीला सांग. मग आणखी एक सेंटिमीटर पाणी, आणखी एक रेघ. पाणी काढून टाकल्यावर सर्वांना वरून खाली पाहायला लाव. एका रेषेवरची प्रत्येक जागा सारख्याच उंचीची आहे, हे त्या मुलीच्या बोटांना कळलेले असते. ही समज कोणताही पडदा देत नाही. मातीचा गोळा मात्र त्यांच्या ओळखीचा डोंगर होऊ शकत नाही, ते काम ब्रह्मगिरीचे दृश्य करते. दोन्ही झाल्यावर कागदावरचा नकाशा दे आणि विचार, की या डोंगरावर कोणत्या बाजूने चढणे अवघड जाईल आणि कशावरून? उत्तर तू सांगण्याआधी प्रत्येकाने ते वहीत लिहायचे, मग शेजाऱ्याला पटवून द्यायचे. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मेझर यांनी १९९१ पासून हार्वर्ड विद्यापीठात हीच रीत रुजवली, आणि तिला कोणतेही यंत्र लागत नाही. मुले लिहीत असताना वर्गातून फिर आणि वह्या वाच. तुझा पाठ जमला की नाही, हे त्या दोन मिनिटांत तुला जितके स्पष्ट कळेल, तितके निरीक्षकांच्या शेऱ्यावरूनही कळणार नाही.

तुझ्या अभ्यासक्रमात ‘टीपॅक’ नावाची चौकट आहे. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी ती २००६ मध्ये मांडली. विषयाचे ज्ञान, अध्यापनाचे ज्ञान आणि तंत्रज्ञानाचे ज्ञान दाखवणारी तीन वर्तुळे काढून ती परीक्षेत लिहिता येते. परातीपासून वहीपर्यंतचा वरचा तास त्या चौकटीत बसवून पाहा, म्हणजे वर्तुळे एकमेकांना कुठे छेदतात ते समजेल.

आता सराव पाठांबद्दल. प्रात्यक्षिकाच्या गुणांच्या काळजीने आपले छात्राध्यापक पीपीटी करतात, त्यावर परिच्छेदच्या परिच्छेद चिकटवतात आणि वर्गाकडे पाठ करून तेच वाचून दाखवतात. याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण मेहनत त्यांनी केलेली असते आणि मुलांच्या पदरात त्यातले काहीच पडत नाही. रिचर्ड मायर या मानसशास्त्रज्ञांनी चित्र, आवाज आणि मजकूर यांच्या साहाय्याने माणूस कसा शिकतो यावर दीर्घकाळ संशोधन केले आहे. चित्र समोर असताना तोंडी स्पष्टीकरण चालू असेल, तर तेच शब्द पडद्यावरही लिहून दाखवल्याने शिकण्याला सहसा मदत होत नाही, उलट लक्ष विभागते, असे त्यांना आढळले. तेव्हा पडद्यावर चित्र ठेव, शब्द तू बोल, आणि जे मुलांनी लिहून घ्यावे असे वाटते ते फळ्यावर त्यांच्यासमोर लिही. फळ्यावर अक्षर उमटायला जो वेळ लागतो, तेवढ्यात मुलांना विचार करायला उसंत मिळते.

बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड स्कॅन केले, की ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक व्यासपीठावरचे साहित्य उघडते. हे व्यासपीठ २०१७ पासून उपलब्ध आहे, परंतु तिथले सर्व साहित्य सारख्या दर्जाचे नाही, म्हणून प्रत्येक चित्रफीत आधी घरी शेवटपर्यंत पाहा. ती वर्गात सलग लावू नकोस. दोन मिनिटांनी थांबव, पुढे काय होईल ते विचार, मग पुढे जा. विज्ञानासाठी कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पाची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे आभासी प्रयोग, पाहा. ती उतरवून घेऊन इंटरनेटविना चालवता येतात. मात्र शाळेत घट, बल्ब आणि तारा असतील, तर परिपथ आधी मुलांच्या हातांनी जोडला जाऊ दे. तारेतून काय वाहते हे डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा पडदा पुढे आण.

इंटरनेटविना हा शब्द मी मुद्दाम वापरला. तुला शहरातल्या गंगापूर रोडवरची शाळा मिळेल की पेठ तालुक्यातल्या पाड्यावरची, हे आज सांगता येत नाही. वीज जाणे आणि रेंज नसणे हे गृहीत धरूनच टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, काढ. लागणारे सर्व काही पेनड्राइव्हवर घे, ब्रह्मगिरीचे दृश्य फिरवतानाचा पडदा आधीच रेकॉर्ड करून ठेव, प्रोजेक्टरची केबल स्वतःची ने, आणि टाचणात ‘वीज नसल्यास’ असा एक रकाना आखून तो प्रामाणिकपणे भर. हा रकाना भरता आला नाही, तर त्या पाठाचा बराचसा भार तू यंत्रावर टाकला आहेस असे समज.

अडखळण्याची जागा पुष्कळदा विषयात नसून भाषेत असते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला, तेव्हा त्यांच्या क्यूआर कोडची चर्चा सर्वत्र झाली. त्यामागे पाठ्यपुस्तक मुलांच्या मातृभाषेत, म्हणजे कन्नडमध्ये आणण्याचे त्यांचे कष्ट होते. माझ्या मते अनुकरण करावे ते याचे. आपल्या जिल्ह्यात सुरगाणा-पेठकडे कोकणा बोली आहे, बागलाण-मालेगावकडे अहिराणी आहे. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी गावातल्या एखाद्या आजीकडून बोलीतली गोष्ट मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून घे आणि तीच पुढे प्रमाण मराठीत वाचून दाखव. यासाठी लागणारे साधन तुझ्या हातात आजच आहे.

गृहपाठ मोबाईलवर पाठवण्याआधी तो मोबाईल कोणाचा आहे, हे विचारून घे. पुष्कळ घरांत एकच फोन असतो आणि तो वडिलांबरोबर सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला गेलेला असतो. द्राक्षांच्या छाटणीच्या दिवसांत दिंडोरी-निफाडच्या मळ्यांवर कामाला आलेल्या कुटुंबांकडे डेटा असेलच असेही नाही. फोन असला तरच करता येईल असा गृहपाठ देऊ नकोस. फोन असलेल्या मुलाला जास्तीचे काही मिळाले तर हरकत नाही, पण नसलेल्याचे गुण त्यापायी जाऊ नयेत.

मुलांच्या छायाचित्रांबाबत मी कठोर आहे. उपक्रम झाला, की फोटो काढून चार गटांवर टाकण्याची सवय आपल्या क्षेत्रात फार पसरली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली आहे आणि तिच्या माहितीचा वापर करण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी ज्या मुलाचे उत्तर चुकले त्याची वही किंवा चेहरा अनोळखी लोकांपुढे जाणे मला अन्यायाचे वाटते. अहवालासाठी फोटो हवाच असेल, तर मातीच्या डोंगराचा काढ.

टाचण लिहून देणाऱ्या चॅटबॉटविषयी तू शेवटी, जरा संकोचाने विचारले आहेस. वापर, पण क्रम सांभाळ. मुले कुठे अडखळतील याचा अंदाज आणि वर्गात विचारायचे तीन-चार प्रश्न आधी स्वतः लिही. त्यानंतर त्याच्याकडून आणखी उदाहरणे माग, सरावासाठी वेगळ्या काठिण्याचे प्रश्न माग. आलेला प्रत्येक आकडा आणि प्रत्येक पारिभाषिक शब्द पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहा, कारण चुकीची गोष्टही तो तितक्याच ठामपणे लिहितो आणि त्याची मराठी अनेकदा सातवीच्या मुलाला न कळणारी असते. मुलांची नावे, गुण, घरची परिस्थिती यांतले काहीही त्यात टाकू नकोस.

सवड मिळाली, तर आपल्याच शहरातल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे एखादे स्वयंअध्ययन पुस्तक चाळून पाहा. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा विद्यार्थी पुष्कळदा दूर गावी एकटा पुस्तक उघडून बसलेला असतो. त्यामुळे मजकूर मध्येच थांबून त्याला प्रश्न विचारतो आणि उत्तरे पडताळायची सोयही करून देतो. समोर नसलेल्या माणसाची अडचण आधी ओळखून लिहिणे म्हणजे काय, हे त्या पानांवरून शिकता येते.

पहिल्या पाठाचे टाचण तयार झाले, की मला पाठव. त्यात साधनांच्या रकान्याआधी ‘मुले कुठे अडखळतील’ हा मजकूर असू दे. मी आधी तोच वाचेन आणि त्यावरच लिहीन.

तुझी शुभचिंतक,
एक शिक्षिका