चाचणीत हॅश लिहायचा की नाही?

प्रश्न : जळगावात आम्ही तिघं मिळून केळीच्या रोजच्या भावपट्ट्या गिटमध्ये (फाइलींचा प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या प्रणालीत) साठवणारं सॉफ्टवेअर लिहितो. चाचण्यांमध्ये कमिटचे (गिटमधल्या प्रत्येक नोंदीचे) ४० अक्षरी हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारे ओळखक्रमांक, थेट लिहिलेत. परवा हॅश काढण्याच्या जुन्या शा-१ ऐवजी नव्या शा-२५६ पद्धतीवर रेपो (गिटचं भांडार) काढून पाहिली, तर निम्म्याहून जास्त चाचण्या पडल्या. आता ६४ अक्षरी हॅश भरत बसू का?

उत्तर : नका भरू. शा-२५६ ची सोय गिटमध्ये २.२९ पासून, म्हणजे २०२० पासून आहे आणि ३.० मध्ये नव्या रेपोसाठी तीच मूळ निवड करायची ठरलंय. दोन्ही प्रकारच्या रेपो बरीच वर्षं सोबत नांदणार. तेव्हा जे तुम्ही देता ते लिहा, जे गिट काढतं ते लिहू नका. ‘रावेर, केळी १२००’ हा मजकूर, शाखेचं नाव, तारीख हे तुमचं. हॅश गिटचा, कमिट झाल्याबरोबर ‘गिट रेव्ह-पार्स हेड’ या कमांडने तो व्हेरिएबलमध्ये घ्या. सात अक्षरी आखूड हॅशचीही तुलना नको, रेपो वाढली की त्याची लांबी वाढते.

मात्र दर ओळीला गिटला हाक मारलीत तर चाचण्या रखडतील. प्रत्येक हाकेला नवी प्रोसेस लागते, आणि विंडोजवर ती फार महाग पडते. रिकामी फाइल, रिकामी ट्री (फोल्डरची नोंद), सगळी शून्यं अशा ठरलेल्या हॅशचा दोन रकान्यांचा तक्ता करा, एक शा-१ चा, एक शा-२५६ चा. ‘गिट रेव्ह-पार्स --शो-ऑब्जेक्ट-फॉरमॅट’ सुरुवातीला एकदाच चालवून रकाना निवडा. गिटच्या स्वतःच्या चाचण्यांतही ‘टेस्ट_ओआयडी’ हे फंक्शन हेच काम करतं.

खरी फसगत होते ती ‘नसलेल्या’ हॅशमध्ये. ‘डेडबीफ’ ही आठ इंग्रजी अक्षरं पाच वेळा लिहिली की ४० होतात. शा-१ च्या रेपोत रेव्ह-पार्स हा पूर्ण लांबीचा हॅश, त्याचं ऑब्जेक्ट (साठवलेली वस्तू) आहे की नाही हे न बघताच, मुकाट्याने परत देतं. शा-२५६ मध्ये तीच ४० अक्षरं आखूड हॅश ठरतात, शोध होतो आणि एरर येते. चाचणी तीच, पण तपासलं जातं भलतंच. तिथे ‘डेडबीफ’ आठ वेळा हवं. शून्यं या कामाला वापरू नका; रेफ (शाखेसारखं नाव) बदलणाऱ्या अपडेट-रेफमध्ये त्यांचा अर्थ ‘रेफ नाही’ असा होतो.

तारीख बांधली नाही तर हॅश दर वेळी बदलेल. ऑथर (बदल लिहिणारा) आणि कमिटर (तो नोंदवणारा), दोन्हींची वेळ द्या. गिटच्या चाचण्या १९७० पासून मोजलेल्या १११२९११९९३ या सेकंदापासून, -०७०० वर सुरू होतात आणि दर कमिटला ६० सेकंद पुढे सरकतात. तुम्ही सेकंद तेच ठेवून +०५३० घ्या. अर्ध्या तासाचा फरक विसरलेला कोड लगेच पकडला जातो; शिवाय -०७०० वर ७ एप्रिल २००५ ची दुपार असते, तेव्हा जळगावात ८ तारखेचे पहाटेचे ३ वाजून ४३ मिनिटं झालेली असतात. एक कमिट २१४७४८३६४८ चंही ठेवा. हा सेकंद १९ जानेवारी २०३८ चा, चिन्हासहितच्या (साइन्ड) ३२ बिटांत न मावणारा.

प्रश्न : ‘शेतकऱ्यांची यादी’ हे फाइलचं नाव चाचणीत \३४०\२४४\२६६ असं दिसतं. इंग्रजी नावं ठेवावीत का? (शहादा)

उत्तर : मुळीच नको, हे नाव चाचणीला सोन्यासारखं आहे. ते आकडे म्हणजे ‘श’ची तीन बाइट, अष्टमान पद्धतीत. ‘कोअर.कोटपाथ’ ही गिटची सेटिंग बंद करा, किंवा प्रोग्रामने वाचायचं असेल तर कमांडला ‘-झेड’ लावा. दुसरा मार्ग जास्त भरवशाचा. खरी गोम ‘ऱ्या’मध्ये आहे. कुणाच्या कीबोर्डवरून ‘ऱ’ हे एकच अक्षर येतं, कुणाच्या ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत तर ‘ऱ’ फोडून ‘र’ आणि नुक्ता असं साठवते. डोळ्यांना नाव एक, गिटच्या लेखी तीन. चाचणीत तिन्ही रूपं बाइट मोजून लिहा, एडिटरमधून कॉपी करू नका.