वाचकांचे प्रश्न : नेमबाजीची रायफल आणि काडतुसे

प्रश्न : माझी १४ वर्षांची मुलगी वर्षभरापासून १० मीटर एअर रायफलचा सराव क्लबच्या रायफलवर करते आहे. आता स्वतःची रायफल घ्यावी असे ती म्हणते. परवाना लागतो का, आणि जुनी रायफल घेतली तर चालेल का? — एक पालक, सांगली

उत्तर : परवान्याची चिंता आधी दूर करतो. शस्त्र नियम, २०१६ नुसार ज्या हवाई बंदुकीची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा अधिक असते किंवा नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा असतो, तिला परवाना लागतो. स्पर्धेची एअर रायफल ४.५ मिलिमीटरचीच असते आणि तिची ऊर्जा या मर्यादेच्या पुष्कळ खाली असते. खरेदीची पावती मात्र जपून ठेवावी आणि प्रवासात ती सोबत असू द्यावी.

जुनी रायफल घेण्यास हरकत नाही, पण ती मुलीच्या अंगाला बसते की नाही हे किमतीच्या आधी पाहावे. या प्रकारात दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणजे छर्रा त्याच्या नऊपट रुंद, आणि पात्रता फेरीत असे ६० नेम ७५ मिनिटांत उभ्याने साधायचे असतात. रायफलचे वजन नियमाप्रमाणे साडेपाच किलोपर्यंत असू शकते, म्हणून ती पहिल्या दहा नेमांत पेलली एवढ्यावर समाधान न मानता, तासभराच्या सरावानंतर मुलीचा डावा खांदा आणि कंबर काय सांगते ते तिलाच विचारावे. गालाचा आधार, खांद्याचा टेकू आणि चापापर्यंतचे अंतर हे तिन्ही कमीजास्त करता येणारी रायफल घेतली, तर वाढत्या वयातही ती तिला पुरेल.

कमानीच्या (स्प्रिंगच्या) रायफलीला नेम सुटताना झटका बसतो, त्यामुळे स्पर्धेसाठी दाबलेल्या हवेच्या टाकीची रायफलच योग्य. टाकीवर कोरलेली मुदत पाहिल्याशिवाय जुन्या रायफलीचा व्यवहार करू नये, कारण मुदत संपलेली टाकी धोक्याची असते आणि स्पर्धेतही नाकारली जाते. शेवटचे म्हणजे, सगळे पैसे रायफलीत घालू नका. नेमबाजीचे जाड जाकीट, पँट आणि बूट शरीराला स्थिर ठेवतात, आणि साधारण रायफल पण नीट बसणारे जाकीट ही जोडी महागडी रायफल आणि उसने आणलेले ढगळ जाकीट यांपेक्षा अधिक गुण देते, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : माझ्याकडे .२२ (इंच व्यासाच्या नळीच्या) रायफलीचा परवाना आहे आणि मी ५० मीटरवर हौसेने नेमबाजी करतो. माझा पुतण्या टेक्सासमध्ये काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरतो. मलाही तसे करून खर्च वाचवता येईल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : नाही, आणि यामागे दोन वेगळी कारणे आहेत.

पहिले कारण काडतुसाच्या रचनेत आहे. आपला पुतण्या भरतो ती काडतुसे सेंटरफायर जातीची असणार. त्यांच्या बुडाच्या मध्यभागी पेट घेणारी छोटी टोपी वेगळी बसवलेली असते. ती काढून नवी बसवता येते, पितळी पुंगळी साच्यातून काढून मूळ मापावर आणता येते, आणि मग मोजून दारू भरून गोळी बसवता येते. .२२ मध्ये मात्र तो ज्वालाग्राही मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो आणि आघाताची सुई तीच कड चेपते. एकदा चेपलेली कड घरगुती साधनांनी पूर्ववत होत नाही.

दुसरे कारण कायद्याचे. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही येतात. परवान्याशिवाय दारूगोळा बनवल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. बाळगण्याचा परवाना म्हणजे बनवण्याचा परवाना नव्हे. पुतण्याने भेट म्हणून साहित्य पाठवतो म्हटले, तर त्याला आजच नको म्हणून कळवावे.

तो हे करतो ते केवळ पैशांसाठी नसावे. प्रत्येक काडतुसात दारू सारख्याच वजनाची पडली, तर गोळीचा वेग सारखा राहतो आणि लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका आवळतो. दारूचे वजन तिकडे ग्रेनमध्ये मोजतात, आणि एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. एकाच पुंगळीत चुकून दोनदा दारू पडली तर रायफल फुटून हात जाऊ शकतो, त्यामुळे जिथे हे कायदेशीर आहे तिथेही ते एकाग्रतेने, कोणाशी न बोलता करायचे काम आहे.

तो आवळलेला पुंजका आपल्यालाही मिळू शकतो, पण वेगळ्या वाटेने. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या काडतुसांतही उत्पादनाच्या गटागटांत फरक असतो. रेंजवर रायफल पक्की टेकवून प्रत्येक गटाची दहा-दहा काडतुसे ५० मीटरवर झाडावीत, पुंजके मोजावेत आणि आपल्या नळीला मानवलेल्या गटाचीच काडतुसे परवान्याच्या मर्यादेत एकदम घ्यावीत. ऑलिंपिकची तयारी करणारे नेमबाजही हेच करतात. पॅरिसमध्ये २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक मिळवले, ते याच .२२ च्या ५० मीटर प्रकारात.

प्रश्न : एअर रायफलीचे वापरलेले छर्रे गोळा करून पुन्हा वापरता येतात का? — एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : येत नाहीत. मऊ शिशाचा छर्रा आदळताच चपटा होतो आणि नळीत बसवल्यास तिच्या आतल्या आट्यांना इजा करतो. ते वेगळ्या डब्यात साठवून भंगारात द्यावेत, आणि सराव संपल्यावर काही खाण्याआधी साबणाने हात धुवावेत.