जोतिबाच्या डोंगराला घाईने इन्सेलबर्ग म्हणू नकोस

एकटा डोंगर दिसला की लगेच इन्सेलबर्ग लिहितोस, ते आधी थांबव. हा शब्द जर्मन भूवैज्ञानिक विल्हेल्म बोर्नहार्ट यांनी 1900 च्या सुमारास पूर्व आफ्रिकेतल्या सपाट माळावर उभ्या राहिलेल्या उघड्या खडकांसाठी वापरला. असे डोंगर बहुतेक ग्रॅनाइट-नाइससारख्या कठीण खडकाचे असतात. अशाच झिजून एकट्या उरलेल्या डोंगरासाठी मोनॅडनॉक हे नाव अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या त्याच नावाच्या डोंगरावरून भूगोलतज्ज्ञ डेव्हिस यांनी रूढ केलं.

आपल्याकडचं प्रकरण वेगळं. इथं बेसॉल्टचे आडवे थर आहेत. पन्हाळा, मसाई पठार इथं वर जांभ्याची टोपी. वरचा कठीण थर टिकतो आणि कडा मागे सरकत जातात, म्हणून माथा सपाट राहतो. त्याला मेसा म्हण; झिजून माथा अरुंद उरला तर ब्यूट. खरं सांगायचं तर माथा आणि कडा नीट बघितल्यास निम्मं काम तिथंच होतं.

जोतिबाचा डोंगर पन्हाळ्याच्या रांगेपासून किती तुटलाय, हे रस्त्यावरून ठरवू नकोस. 1:50,000 चा सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा घे, 20 मीटरच्या समोच्च रेषांवर (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांवर) बोट फिरव, मधली खिंड किती खोल आहे ते बघ. पन्हाळा आणि पावनगडाच्या मधली खिंडही अशीच तपास.

आणि वहीत गावकऱ्यांनी सांगितलेलं नाव पहिलं लिही, सडा असो की टेक. शास्त्रीय प्रकार त्याखाली. वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचार; नकाशावर नसलेली नावं त्यांच्याकडंच मिळतात.