सर, उत्तर यायलाच हवं का?

सत्रपरीक्षा जवळ आल्या की माझ्याकडे समुपदेशनासाठी विद्यार्थ्यांची गर्दी वाढते. अलीकडे त्यांच्यामागून प्राध्यापकही येऊ लागलेत. प्रश्न थोड्याफार फरकाने एकच असतो. "मॅडम, वर्गातली एक मुलगी बरी दिसत नाही. विचारावंसं वाटतं, पण मी काही मानसोपचारतज्ज्ञ नाही. माझ्या तोंडून भलतंच काही गेलं आणि तिने जिवाचं बरंवाईट केलं तर?"

तालुक्याच्या गावी रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांची गोष्ट सांगते, ओळखू येणार नाही इतपत बदलून. त्यांची टी.वाय.ची एक विद्यार्थिनी, कायम पहिल्या बाकावरची. दिवाळीनंतर प्रॅक्टिकलला येईनाशी झाली. जर्नल अर्धवट, हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली, नाव डिफॉल्टर यादीत. टायट्रेशनमध्ये द्रावणाचा रंग बदलला की थांबायचं असतं; आली त्या दिवशी रंग कधीच बदलून गेला होता, तरी ही ब्युरेटमधून थेंब सोडतच होती. हे सरांना दिसलं, आणि ते काही न बोलता पुढच्या टेबलाकडे गेले.

"का गेलात?" मी विचारलं.

"तिने काही सांगितलं असतं तर मी काय उत्तर देणार होतो?"

दोन भेटी आम्ही याच वाक्याभोवती घालवल्या. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने काम करणारी. माणसाच्या बोलण्यात 'च' कुठे येतो तिकडे माझे कान असतात. सरांचा 'च' स्पष्ट होता : शिक्षक आहे, म्हणजे मला उत्तर आलंच पाहिजे.

तिसऱ्या भेटीत मी मुलीचा विषयच काढला नाही. "सर, वर्गात एखाद्याने असा प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर तुम्हाला त्या क्षणी येत नाही. काय करता?"

"सांगतो, उद्या बघून सांगतो म्हणून."

"मुलं हसतात?"

"छे! उलट…" सर थांबले. चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "उलट त्यांना बरं वाटतं. सरांनी प्रश्न मनावर घेतला म्हणून."

मी मुद्दाम गप्प राहिले. कधी गप्प बसायचं हे मला आता बऱ्यापैकी कळतं. "म्हणजे मी तिला एवढंच म्हणायचंय," सरच म्हणाले, "की ऐकलं, आणि कोणाला विचारायचं ते आपण बघू."

शिक्षकांना मुलांच्या दुःखाची भीती वाटत नाही, अनुत्तरित राहण्याची वाटते, हे मला त्या दिवशी लख्ख दिसलं. नंतर भेटलेल्या बहुतेक प्राध्यापकांत तेच दिसत आलं आहे.

सरांनी पुढच्या प्रॅक्टिकलनंतर तिला थांबवलं. दार उघडं, लॅब असिस्टंट नजरेच्या टप्प्यात पण ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर. "काय झालंय तुला?" असं त्यांनी विचारलं नाही. त्या प्रश्नाला "काही नाही सर" हेच उत्तर ठरलेलं असतं. जे दिसलं तेवढंच बोलले. "तीन आठवडे तू येत नाहीस. आलीस तरी लक्ष लागत नाही. जेवण-झोप होते का नीट?" झोप शब्दावर ती रडली.

मग सरांनी सगळ्यात अवघड प्रश्न सरळ विचारला : जगू नये असं वाटतं का? असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो, हा समज खोटा आहे. बहुतेकांना कोणीतरी विचारल्याचा दिलासाच वाटतो. ती म्हणाली, कधीकधी वाटतं. सरांनी तिला एकटं सोडलं नाही. तिच्यासमोरच टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, 14416 वर, फोन लावला. सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. दुसऱ्या दिवशी एका सहकारी मॅडमना घेऊन ते तिच्याबरोबर जिल्हा रुग्णालयात गेले. 'कोणालाही सांगणार नाही' असं वचन त्यांनी दिलं नव्हतं. ते देऊच नये. 'स्टाफरूममध्ये बोलणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका वाटला तर योग्य माणसाला सांगेन,' एवढंच म्हणावं.

आणि जर्नलची तारीख पुढे ढकलली. हे लहान वाटतं, पण माझ्या खुर्चीत बसून मला ते करता येत नाही. सबमिशन, तोंडी परीक्षेचा दिवस, डिफॉल्टर यादी भिंतीवर लावायची की ज्याला त्याला बोलावून सांगायची, हे सगळं प्राध्यापकांच्या हातात असतं. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला एवढे अधिकार नसतात, हेही खरं. त्यांनी विभागप्रमुखांना बरोबर घ्यावं. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत पात्र समुपदेशक हवा आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवं, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिले आहेत. आपल्या प्राचार्यांना त्याबद्दल जरूर विचारा.

त्या मुलीचा एक विषय राहिला. एटीकेटीत सुटला. औषधं सुरू आहेत.

आता सर फोन करतात ते दुसऱ्याच प्रश्नासाठी : घरी कळवू का? धोका असेल तर ताबडतोब कळवा, थांबू नका. नसेल तर आधी तिलाच विचारा, घरातलं कोण समजून घेईल. वडिलांचाच नंबर फिरवायला हवा असं नाही. तिच्या बाबतीत समजून घेणारी मावशी निघाली.