सासूबाईंची चक्कर आणि ताजा कलम

प्रश्न : नमस्कार, मी अमळनेर तालुक्यातली. सासूबाईंना आठ वर्षांपासून शुगर आहे. महिन्यातून एकदा त्यांना दवाखान्यात नेते, सकाळची एसटी धरायची, केसपेपर काढायचा, नंबर लागेपर्यंत दुपार होते, माझा निंदणीचा रोज बुडतो तो वेगळाच. आणि आत गेल्यावर दोन मिनिटांत बाहेर. सासूबाई म्हणतात, "डॉक्टर, माले डोकं गरगरस," की झालं, लगेच लिहायला सुरुवात, ताकदीची बाटली घ्या म्हणे. तीन महिने हेच चाललंय. भाचा पुण्याला पब्लिक हेल्थ शिकतो, तो म्हणतो मावशी, डॉक्टर पेशंटचं किती ऐकतात यावर मोठमोठं संशोधन झालंय. यात संशोधन कसलं हो? नीट बोलावं, एवढंच ना?
ता. क. सासूबाई गुरुवार आणि एकादशी कडक धरतात, पण शुगरची गोळी एक दिवस चुकवत नाहीत, म्हणजे त्यांची हयगय नाही.

उत्तर : ताई, भाचा बरोबर सांगतोय. १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकल या दोघा संशोधकांनी डॉक्टर-पेशंटच्या ७४ भेटी टेप करून ऐकल्या. पेशंट बोलायला लागला की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मधे बोलायचे, आणि सुरुवातीचं सांगणं पुरं करता आलं ते शंभरात जेमतेम २३ जणांना. त्यात पेशंट जे आधी सांगतो तेच मुख्य दुखणं असतं असंही नाही, खरी गोष्ट पुष्कळदा उठता उठता निघते.

आता तुमचं पत्र परत वाचा. मुख्य गोष्ट तुम्ही ता. क. मधे टाकलीय! शुगरच्या काही गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर शुगर एकदम खाली येते, मग घाम सुटतो, हातपाय थरथरतात, चक्कर येते. सासूबाईंचं हेच आहे असं मी इथे बसून सांगणार नाही, पण उपासाचं डॉक्टरांना कोणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. दोन मिनिटांत काय काय विचारणार म्हणा. २०१७ च्या एका अभ्यासात ६७ देशांतली आकडेवारी पाहिली, बांगलादेशात पेशंटला सरासरी ४८ सेकंद मिळतात तर स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. आपल्याकडे सपाटीवर ३० हजार आणि आदिवासी-डोंगरी भागात २० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा नियम, त्यामुळे सगळा राग डॉक्टरवर काढणं मला पटत नाही.

लेवेस्क नावाचे संशोधक आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१३ मध्ये एक छान मांडणी केली. दवाखाना आहे हे कळणं, तिथे जावंसं वाटणं, पोचता येणं, खर्च झेपणं आणि शेवटी मिळालेला उपचार आपल्याला लागू पडणं, हे सगळं जुळलं तर उपचार मिळाले म्हणायचे. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे नर्मदाकाठच्या पाड्यांवर पोचण्यातच सगळा जीव जातो, तिथे बोटीतून दवाखाना न्यावा लागतो. तुमची गाडी पार शेवटाला येऊन अडकलीय, तेही अहिराणीत सांगितलेल्या एका वाक्यावर.

तर पुढच्या वेळी गोळ्यांची पाकिटंच सोबत न्या आणि आत गेल्या गेल्या, बसायच्या आधीच म्हणा, "डॉक्टर, सासूबाई उपासाला पण गोळी घेतात, चक्कर त्याच दिवशी येते का ते पाहायचंय." तोवर चक्कर कुठल्या वारी, किती वाजता येते ते कॅलेंडरवर खूण करून ठेवा. निघताना, "म्हणजे उपासाच्या दिवशी गोळीचं असं करायचं ना?" हे आपल्या शब्दांत बोलून दाखवा, चुकत असेल तर तिथेच कळेल. गोळी मनानं बंद करू नका, आणि दवाखान्याची तारीख लांब असेल तर वाट पाहू नका, त्याआधीच जाऊन या.

घाम फुटून चक्कर आली तर उपास असला तरी लगेच साखरपाणी द्या, सासूबाई रागावल्या तर रागावू देत. शुद्ध हरपली तर मात्र तोंडात काही घालू नका, सरळ १०८ ला फोन लावा.